माळ्यावरचा शॉर्टवेव्ह रेडिओ घरी कसा दुरुस्त करायचा?

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढू लागलं की सांगलीत सगळ्यांच्या तोंडी आयर्विन पुलाजवळचा आकडा असतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ फुटांवर गेला, तेव्हा वीज गेलेली, फोन बंद पडत चाललेले, आणि पाणी कुठवर आलंय हे शेजाऱ्याला हाक मारून विचारायचं, अशी कितीतरी घरांची गत झाली. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडाला अनेक घरांत माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर खाली येतो. कुणाच्या आजोबांनी मुंबईहून गावी येताना आणलेला, कुणाच्या वडिलांनी फौजेतून सुट्टीवर येताना. साताऱ्याकडच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत तर फौजी घरं कमी नाहीत.

मग नवे सेल घालतात, बटण फिरवतात. नुसती खरखर, नाहीतर तीही नाही. "गेला हा" म्हणून संच परत माळ्यावर जातो, नाहीतर भंगारवाल्याकडे. पूर्वी पेठेत रेडिओ दुरुस्तीची दुकानं होती, त्या गाळ्यांत आता मोबाइलची कव्हरं लटकलेली दिसतात. विचारायचं तरी कुणाला?

असा संच बहुतेक वेळा आतून शाबूत असतो. त्याचे वीज पोचवणारे सांधे तेवढे गंजलेले असतात आणि दोन-चार स्वस्त पार्ट सुकलेले असतात. संयम आणि थोडी समज असेल तर हे काम घरी होतं. ती समज यावी म्हणून आधी थोडी पायाभूत माहिती घेऊ.

शॉर्टवेव्ह म्हणजे नेमकं काय?

रेडिओच्या लहरी सेकंदाला किती वेळा हेलकावतात, त्या मोजमापाला फ्रिक्वेन्सी म्हणतात. सेकंदाला हजार हेलकावे म्हणजे एक किलोहर्ट्झ, दहा लाख म्हणजे एक मेगाहर्ट्झ. आपल्याकडचा मिडियम वेव्हचा पट्टा साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा. सांगली आकाशवाणीची जुनी ओळख १२५१, पुण्याची ७९२, मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८, हे सगळे आकडे याच पट्ट्यातले. दिवसा या लहरी जमिनीच्या अंगाने सरकतात आणि फार लांब जात नाहीत.

शॉर्टवेव्हचा पट्टा त्याच्या बराच वरचा, ३ ते ३० मेगाहर्ट्झचा. या लहरी आभाळाकडे निघतात. जमिनीपासून साधारण शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. त्या थरांतून लहरी वाकतात आणि हजारो किलोमीटर दूर परत जमिनीवर उतरतात. समुद्रापलीकडचं केंद्र मधल्या कुठल्याही तारेशिवाय आपल्या अंगणात ऐकू येतं ते यामुळे. १९५२च्या अखेरीला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि श्रीलंकेहून निघणारा तो आवाज खेड्यापाड्यांत पोचला, तो याच वाटेने.

डायलवर १९, २५, ३१, ४१, ४९ मीटर असे आकडे असतात. ही लहरीची लांबी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. म्हणजे ९.६ मेगाहर्ट्झ ३१ मीटरच्या पट्ट्यात येतं. दिवसा सूर्याच्या उन्हाने खालचा एक थर असा तयार होतो की तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. म्हणून दिवसा १९ आणि २५ मीटरवर शोधायचं, अंधार पडला की ३१, ४१, ४९ वर यायचं. भर दुपारी ४९ मीटरवर काटा ठेवून "संच बिघडलाय" असा निकाल देणारे बरेच भेटतात. तेवढ्यासाठी संच उघडू नका, रात्री आठनंतर पुन्हा लावून बघा.

पेटीच्या आत काय चालतं?

अँटेनावर एकाच वेळी शेकडो केंद्रांच्या लहरी येऊन आदळतात. त्यांतली एक वेचायची आणि लाखो पटींनी मोठी करायची. प्रत्येक केंद्राची फ्रिक्वेन्सी वेगळी, मग प्रत्येकासाठी वेगळी जुळणी कशी करायची? यावरची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने काढली आणि जुने ट्रान्झिस्टर तिच्यावरच चालतात.

मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेत स्केल चेंजर पेटी पाहिली असेल. गायकाची पट्टी बदलली की वादक आपली बोटं बदलत नाही. पट्ट्यांचा साचाच सरकवतो आणि सवयीच्या जागीच बोटं चालवतो. रेडिओत हे सरकवण्याचं काम ऑसिलेटर करतो. हा संचातच बसवलेला, स्वतःच्या लहरी तयार करणारा एक लहान भाग. तुम्ही केंद्र बदलता तेव्हा ऑसिलेटरही बदलतो आणि तो केंद्रापेक्षा नेमका ४५५ किलोहर्ट्झने वर राहील अशी जुळणी केलेली असते. दोन्ही लहरी एकत्र मिसळल्या की त्यांच्यातल्या फरकाची, म्हणजे ४५५ची लहर मिळते. केंद्र कुठलंही असो, पुढच्या सगळ्या भागांना ४५५ एवढंच हाताळायचं असतं, आणि ते काम ते चोख करतात.

म्हणजे साखळी अशी: अँटेना, मग मिडियम-शॉर्ट पट्टा बदलणारा बँड स्विच, मग ऑसिलेटर आणि मिसळणारा ट्रान्झिस्टर (हा आतला लहान पार्ट, त्याच्यावरूनच अख्ख्या संचालाही ट्रान्झिस्टर म्हणतात), मग पत्र्याच्या चौकोनी डबीतली कॉइल, जिला दुरुस्तीवाले आयएफटी म्हणतात, मग लहरीतून आवाज वेगळा काढणारा डायोड, मग व्हॉल्यूम, मग आवाज मोठा करणारा भाग, आणि शेवटी स्पीकर. दुरुस्ती म्हणजे या साखळीत आवाज कुठे अडकलाय ते शोधणं.

मग तो बंद पडतो कशाने?

ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कॉइल न वापरता पडून राहिल्या म्हणून सहसा बिघडत नाहीत. बिघडतात त्या चार गोष्टी. सेल फुटून पाझरतात. स्विचचे आणि जॅकचे सांधे काळे पडतात. आत ओलावा असलेले कंडेन्सर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारे पार्ट, सुकतात. बारीक तारा तुटतात. यांतली पहिली दोन कामं तर सोल्डरिंगशिवाय होतात.

उघडण्यापूर्वी दोन गोष्टी

पहिली सुरक्षेची. हा सगळा लेख सेलवर चालणाऱ्या संचाबद्दल आहे. चार सेलचे मिळून ६ व्होल्ट होतात, त्याने शॉक बसत नाही. काचेच्या व्हॉल्व्हचा, भिंतीतल्या प्लगवर चालणारा मोठा रेडिओ घरात असेल तर त्याला असा हात लावू नका. त्यात दोनशे व्होल्टच्या वर दाब खेळतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ साठून राहू शकतो. तुमच्या ट्रान्झिस्टरला विजेवर चालवायची सोय असेल तर वायर काढून बाजूला ठेवा आणि दुरुस्ती होईतो फक्त सेल वापरा.

दुसरी हत्यारांची. एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, व्होल्ट आणि करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, जुनं सोल्डर ओढून घेणारा सकर, चिमटा, कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काहीही नको, त्याने जुनं प्लॅस्टिक विरघळतं. मागचं झाकण काढलं की लगेच फोनने चार बाजूंनी फोटो काढा. एकही तार सोडवण्याआधी काढा. पुढे हे फोटो फार उपयोगी पडतात.

आत एक काळी दांडी दिसेल, पेन्सिलीएवढी नाहीतर पट्टीसारखी चपटी. ती फेराइटची, मिडियम वेव्हची अँटेना. तिच्यावर गुंडाळलेली तार केसाइतक्या बारीक अनेक तारांची मिळून बनवलेली असते आणि प्रत्येक धाग्याला स्वतःचा मुलामा असतो. झाकण काढताना घाई केली की हीच तार तुटते. तुटलीच तर सगळे धागे हलक्या हाताने खरवडून एकत्र सोल्डर करावे लागतात. एखादा धागा राहिला तरी संच चालतो, पण कमकुवत लागतो.

सुरुवात सेलच्या डब्यापासून

डब्यातल्या स्प्रिंगांवर पांढरा किंवा हिरवा थर दिसला तर आधी तो कुठल्या सेलचा हे बघा, कारण दोन तऱ्हेच्या सेलची गळती एकमेकींच्या उलट असते. आपल्याकडचे नेहमीचे स्वस्त सेल झिंक-कार्बनचे. त्यांच्यातून येणारा द्रव आम्लधर्मी, त्यामुळे तो खायच्या सोड्याच्या ओल्या लेपाने निष्प्रभ करायचा. अल्कलाइन सेलची गळती अल्कलीधर्मी, तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. उलटं केलं तर थर पुसला जातो पण गंज आतून चालूच राहतो. नंतर स्वच्छ पाण्याची काडी, मग अल्कोहोलची काडी फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि धातू चमकेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासा. द्रव बोर्डवर जाऊ देऊ नका.

आता नवे सेल घाला आणि मल्टिमीटरने दोन ठिकाणी व्होल्टेज बघा: डब्याच्या टोकांवर, आणि जिथे डब्याच्या तारा बोर्डला जोडल्या आहेत तिथे. दुसरं माप घेताना रेडिओ चालू हवा. डब्यावर ६ आणि बोर्डवर ३ किंवा शून्य येत असेल तर मधला सांधा, तार किंवा व्हॉल्यूमला जोडलेला ऑन-ऑफ स्विच यांपैकी काहीतरी दगा देतंय. कितीतरी 'मेलेले' संच इथेच जिवंत होतात.

मल्टिमीटर करंटवर लावून सेलच्या वाटेत जोडलं तर आणखी एक गोष्ट कळते. आवाज पूर्ण खाली असताना छोटा ट्रान्झिस्टर साधारण १० ते २० मिलिअँपिअर घेतो. शंभरच्या वर घेत असेल तर आत काहीतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. काहीच घेत नसेल तर वीज आत पोचतच नाही.

आवाज कुठवर पोचतोय?

साखळीच्या शेवटाकडून मागे यायचं. स्पीकरची एक तार सोडवा आणि दीड व्होल्टचा एक सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'खट्' असा आवाज आला की स्पीकर ठीक.

मग इअरफोनचं भोक. हा भाग लोक नेहमी विसरतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या भोकाच्या आत वाकवलेली एक पातळ पत्र्याची जीभ असते. पिन घातली नसेल तेव्हा जीभ खाली टेकलेली असते आणि आवाज तिच्यातूनच स्पीकरकडे जातो. पिन घातली की जीभ उचलली जाते आणि स्पीकर बंद होतो. आता ही जीभ आणि तिच्याखालचा ठिपका वर्षानुवर्षं काळवंडत गेलेला असतो. जीभ खाली टेकते, दिसायला सगळं ठीक, पण वीज पलीकडे जात नाही. संच पूर्ण चालू, सगळे भाग कामाला लागलेले, आणि आवाज या तांदळाएवढ्या जागी अडकून पडलेला. इअरफोन लावला तर त्यात गाणं ऐकू येतं, तीच खूण. उपाय सोपा. भोकात अल्कोहोलचा थेंब सोडा, पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. तरीही नाही झालं तर कडक कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून जिभेखालून ओढा. कागदावर काळी रेघ उमटली की समजायचं, इथेच होतं.

त्याच्या मागे व्हॉल्यूम. रेडिओ चालू ठेवून, आवाज पूर्ण वाढवून, व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावा आणि बोट त्याच्या धातूला टेकवून ठेवा. स्पीकरमधून गुणगुण किंवा कटकट आली तर व्हॉल्यूमपासून पुढचा सगळा भाग चांगला आणि दोष मागे, अँटेनाच्या बाजूला. काहीच नाही आलं तर दोष पुढे. एका स्पर्शात अर्धा रेडिओ निर्दोष सुटतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर आतली कार्बनची पट्टी मळलेली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा सोडून पुन्हा पुन्हा फिरवा. गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे इथे मारू नका, त्याचा थर धूळ धरून ठेवतो. आणि केंद्र बदलताना फिरणारा गँग कंडेन्सर जर पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीतला असेल तर त्यावर कुठलाच स्प्रे नको. त्याच्या पात्यांमध्ये प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, ते खराब झाले तर तो भाग सहजी मिळत नाही.

सुकलेले कंडेन्सर ओळखायचे आणि बदलायचे

बोर्डवर उभे किंवा आडवे नळकांडीसारखे भाग असतात, त्यांवर अधिक-उणे खूण आणि मायक्रोफॅरडचा, म्हणजे वीज साठवायच्या क्षमतेचा, आकडा असतो. हे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्या आतला ओला द्रव चाळीस-पन्नास वर्षांत सुकतो. मग आवाज बारीक येतो, फाटका येतो, किंवा आवाज वाढवला की फट्-फट्-फट् असं सुरू होतं. हे फटफटणं बहुतेक वेळा सेलच्या वाटेवरच्या मोठ्या कंडेन्सरचं, साधारण १०० मायक्रोफॅरडच्या. तो काढायच्या आधीच खात्री करता येते: तेवढाच नवा कंडेन्सर खुणा जुळवून जुन्याच्या दोन पायांवर बोर्डच्या मागून नुसता टेकवायचा. फटफटणं थांबलं की गुन्हेगार सापडला.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. जुन्यावर १० व्होल्ट असेल आणि दुकानात १६ किंवा २५ मिळत असेल तर खुशाल घ्या.

खुणेबाबत एक इशारा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच संचांत एसी १२८, एएफ ११७ असे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात, आणि त्या संचांत बोर्डची समान तार, म्हणजे अर्थ, बहुतेक वेळा सेलच्या अधिक टोकाला जोडलेली असते. आजच्या सर्किटांत ती उणे टोकाला असते. त्यामुळे मोबाइल किंवा अॅम्प्लिफायर दुरुस्तीची सवय असलेला हातसुद्धा कंडेन्सर उलटा बसवतो. अंदाजाने जाऊ नका, जुन्या भागावरची खूण आणि आपला फोटो बघूनच बसवा.

सोल्डर करताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ टोक टेकवू नका. तपकिरी बोर्डवरची तांब्याची पट्टी उष्णतेने सुटून वर येते. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरजवळ काम असेल तर त्याचा पाय चिमट्याने धरा, उष्णता चिमट्यात जाते. खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

मिडियम वेव्ह लागतं, शॉर्टवेव्ह मात्र मुकं

ही तक्रार फार येते, आणि ती आनंदाची आहे. मिडियम वेव्ह लागतं म्हणजे ४५५चा भाग, आवाजाचा भाग, स्पीकर सगळं ठीक. दोष फक्त शॉर्टवेव्हच्या स्वतःच्या वाटेवर.

आधी उंच होणारी दांडीची अँटेना बघा. तिच्या बुडाचा स्क्रू सैल झालेला, गंजलेला किंवा तिथून निघणारी तार तुटलेली असते. मग बँड स्विच. त्याचे चांदीचा मुलामा असलेले सांधे हवेने काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर सोडून स्विच पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे सरकवा. अर्ध्याहून जास्त मुके शॉर्टवेव्ह एवढ्यानेच बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

तरीही नाही, किंवा मिडियम वेव्हसुद्धा नाही, तर ऑसिलेटर जिवंत आहे का ते तपासायचं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, दुसरा चालू रेडिओ लागतो. दोन्ही शेजारी ठेवा. चालू रेडिओवर सांगलीचं १२५१ लावा, आणि ते लागत नसेल तर मिडियम वेव्हवरचं जे केंद्र स्पष्ट लागतं ते. आजारी रेडिओ मिडियम वेव्हवर ठेवून त्याचा काटा पुण्याच्या ७९२च्या आसपास हळूहळू फिरवा. त्याचा ऑसिलेटर काट्याच्या आकड्यापेक्षा ४५५ने जास्त चालतो, म्हणजे ७९२ अधिक ४५५, झाले १२४७. सांगलीपासून फक्त ४ किलोहर्ट्झवर. त्यामुळे चालू रेडिओवरच्या निवेदनात शिट्टी घुसते. काटा आणखी थोडा सरकवला की शिट्टी जाड होत होत नाहीशी होते आणि पुढे पुन्हा चढते. ही शिट्टी आजारी संच स्वतः तयार करतोय. ती ऐकू आली की त्याचा ऑसिलेटर जिवंत. दुसरं केंद्र घेतलं असेल तर त्याच्या आकड्यातून ४५५ वजा करा आणि आजारी संचाचा काटा तिथे न्या. हाताशी दुसरा शॉर्टवेव्ह संच असेल तर हाच प्रयोग शॉर्टवेव्हवरही करता येतो.

शिट्टी नाहीच आली, तर बँड स्विच पुन्हा बघा, ऑसिलेटर कॉइलची बारीक तार बघा, आणि पहिला ट्रान्झिस्टर एएफ ११४ ते ११७ यांपैकी आहे का ते बघा. या ट्रान्झिस्टरांना चार पाय असतात आणि चौथा पाय बाहेरच्या धातूच्या टोपीला जोडलेला असतो. टोपीच्या आत वर्षानुवर्षं कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या भागांना टेकून शॉर्ट करतात. चौथा पाय कापून टोपी मोकळी केली की पुष्कळदा तोच ट्रान्झिस्टर पुन्हा चालतो.

"आतले रंगीत स्क्रू फिरवून बघू का?"

नको. पत्र्याच्या डब्यांच्या वर पिवळे, पांढरे, काळे, लाल स्क्रूसारखे भाग दिसतात. सगळ्यांचे हात तिकडेच वळतात, कारण फिरवता येईल असं आत तेवढंच असतं. पण ते कारखान्यात ४५५वर जुळवून ठेवलेले असतात आणि पडून राहिले म्हणून फारसे हलत नाहीत. ते फिरवले तर सांध्याच्या किरकोळ दोषावर जुळणी बिघडल्याचा मोठा दोष चढतो, आणि ती परत जुळवायला सिग्नल जनरेटर, म्हणजे हव्या त्या फ्रिक्वेन्सीची लहर देणारं यंत्र, लागतं.

शॉर्टवेव्हवर एकच केंद्र डायलवर दोन जागी लागतं, म्हणूनही लोक स्क्रू फिरवतात. त्या दोन जागांत ९१० किलोहर्ट्झचं, म्हणजे ४५५च्या दुपटीचं अंतर असतं. ४५५ने वरचं आणि ४५५ने खालचं अशी दोन्ही केंद्रं ऑसिलेटरशी सारखाच फरक देतात, आणि साध्या संचाला ती नीट वेगळी करता येत नाहीत. हा बिघाड नव्हे.

पार्ट मिळतात का?

कंडेन्सर, स्पीकर, व्हॉल्यूम, तारा जिल्ह्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. नाही मिळाले तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, आयएफटी, बँड स्विच यांसाठी मात्र दुसरा मेलेला संचच शोधावा लागतो. म्हणून भंगारात जाणारा जुना ट्रान्झिस्टर दिसला तर सोडू नका, फुटका असला तरी.

पुरात बुडालेला संच

सेल घालून "चालतो का बघू" हे आधी करू नका. आत ओल असताना वीज दिली की सांधे आणि बोर्डच्या पट्ट्या झपाट्याने खाल्ल्या जातात. सेल काढा, झाकण काढा, कागदी कोनाचा स्पीकर सोडवून वेगळा ठेवा. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ आणि क्षार असतात, आणि तो गाळ वाळून घट्ट होण्याआधी धुवायला हवा. बोर्ड स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने धुवा, शेवटचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचं घ्या, मग अल्कोहोल फिरवा. नंतर सावलीत पंख्याखाली चांगले आठ-दहा दिवस. आयएफटीच्या डब्यांत आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत ओल दडून बसते. कडक उन्हात ठेवाल तर कॅबिनेट वाकेल.

"पण शॉर्टवेव्हवर आता आहे तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वीची गर्दी आता नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२०ला थांबलं, आणि त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ बातम्या लावणाऱ्या पिढीला ते फार लागलं. मलाही. इतर अनेक देशांनीही हात आखडता घेतला आहे. तरी पट्टे रिकामे नाहीत. चीन, तुर्कस्तान, रोमानिया यांच्या परदेशी सेवा, बीबीसीची इंग्रजी सेवा रात्री शोधली तर सापडतात. १० मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळदर्शक केंद्राची सेकंदासेकंदाची टिकटिक ऐकू येते, दुरुस्तीनंतर संच तपासायला ती फार सोयीची. काही प्रसारणं आता डिजिटल झाली आहेत. त्यांच्या जागी जुन्या संचावर सलग सूं असा आवाज येतो, त्याला संचाचा दोष समजू नका.

आणि पुराच्या वेळी? तेव्हा शॉर्टवेव्ह फारसं कामाचं नाही, स्थानिक केंद्र कामाचं. जुन्या संचात मिडियम वेव्ह असतं पण एफएम बहुधा नसतं, म्हणून आपल्या गावात मिडियम वेव्हवर काय लागतं ते पावसाळ्याआधीच लावून बघा. एफएमच लागत असेल तर अडचणीच्या वेळेसाठी एक लहान एफएम संच वेगळा ठेवा. दुरुस्त केलेल्या शॉर्टवेव्हवर ती जबाबदारी टाकू नका.

दुरुस्त झाला, तरी नुसती खरखर?

मग दोष बहुधा घराचा. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा बॉक्स यांच्यातली सर्किटं सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि त्यांचा कचरा थेट मिडियम आणि शॉर्टवेव्हवर पडतो. हे रेडिओ बनले तेव्हा घरात यांतलं काही नव्हतं. मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरही, आणि सेलवर रेडिओ लावून बघा. खरखर एकदम ओसरली तर एकेक वस्तू चालू करत दोषी शोधा. पुष्कळदा तो एखादा स्वस्त चार्जर निघतो.

गच्चीवर, विजेच्या तारांपासून लांब, आठ-दहा मीटरची मुलामा असलेली तार ताणली तर मोठा फरक पडतो. ती रेडिओला थेट जोडू नका, जुने ट्रान्झिस्टर जास्त जोराच्या लहरींनी गांगरतात आणि केंद्रं एकमेकांत मिसळतात. तारेचे चार-पाच वेढे बाहेरच्या उंच होणाऱ्या दांडीच्या अँटेनाला नुसते गुंडाळा, तेवढं पुरतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसू लागले की विजा सुरू व्हायच्या आत तार काढून घराबाहेर टाका, आणि संच महिनाभर लागणार नसेल तर सेलही काढून ठेवा.